शाळेसाठी मोशीत फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न: ताई नमस्कार. मिस्टर चाकण एमआयडीसीत आहेत, पगार ३५ हजार, सध्या भोसरीत भाड्याने राहतो. मुलगी जूनला पहिलीत जाईल. मोशीत वन बीएचके बघितलाय, हप्ता १८ हजार बसतोय, जवळच सीबीएसईची शाळा आहे पण बस धरून फी वर्षाला ८४ हजार. दुसरीकडे राजगुरुनगरच्या पुढे सासरचं घर आहे, गावात झेडपीची शाळा. सासूबाई म्हणतात गावीच या, बहीण म्हणते पोरीचं वाटोळं करशील. काय करू?

ताई: वाटोळं वगैरे नंतर बघू, आधी हिशोब. फी महिन्याला ७ हजार पडली, हप्ता १८, म्हणजे २५ गेले आणि १० हजारात किराणा, लाइट बिल, पेट्रोल, दवाखाना सगळं, आणि फी दुसरीत गेल्यावर तेवढीच राहील असं कोणी सांगितलं? (बिल्डरच्या ब्रोशरवर शाळा कायम पाच मिनिटांवर असते, फी मात्र कुठेच छापलेली नसते.) आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळेत राखीव असलेल्या) २५ टक्के जागांचा विचार असेल तर आर्थिक दुर्बल गटाला वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं, त्यात तुम्ही बसत नाही.

पण गावची शाळा फुकट आहे म्हणून डोळे झाकून जा असंही मी म्हणणार नाही. झेडपीची शाळा म्हणजे तिथले गुरुजी आणि बाई, बाकी रंगवलेल्या भिंतींना भुलू नका. पट ६० च्या आत असेल तर पहिली ते पाचवीला मिळून नियमाने शिक्षक दोनच, म्हणजे एकाच खोलीत पहिली पाढे म्हणतीये आणि तिसरी गणित सोडवतीये असं चालतं, चांगले गुरुजी असतील तर तेही छान चालतं, मी पाहिलंय. तर एक दिवस न सांगता जा, तिसरीतल्या कुठल्याही पोराची वही मागा आणि गुरुजींनी नुसती टिक मारलीये का चूक दुरुस्त करून दिलीये ते बघा, माझ्या मते सगळं तिथेच कळतं. गुरुजींची बदली कधी आहे, सेमी इंग्लिश आहे का, स्कॉलरशिपला किती पोरं बसतात हेही विचारा. आणि शाळा चौथीपर्यंतच असेल तर पाचवीला पोरगी कशाने आणि कोणाबरोबर जाणार ते आत्ताच ठरवा, कारण मुलींचं बहुतेक तिथेच अडतं.

अजून एक, हे फारसं कोणी सांगत नाही. शिक्रापूरच्या नवोदयला (केंद्र सरकारची निवासी शाळा) सहावीत प्रवेश असतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण व्हावी लागते. मोशी महापालिकेत येते, तिथून ग्रामीण जागांचा हा दरवाजा बंद. परीक्षा अवघड आहे, पोरगी लागेलच असं नाही, पण दार उघडं असलेलं बरं.

वह्या बघून समाधान झालं तर मी गावी जाईन, दोन वर्षं तरी, आणि हप्त्याचे १८ हजार बाजूला टाकत राहीन. नाही पटलं तर मोशीत भाड्याने राहा, पण पहिलीच्या शाळेपायी वीस वर्षांचं कर्ज नको.

शाळा बघायला जाताना बहिणीला सोबत न्या, घरी बसून तिचं मत बदलायचं नाही.