ठोका हृदयात चुकतो, गुठळी मेंदूत अडकते

हृदयाचे अनियमित ठोके आणि रक्ताच्या गुठळ्या यांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझी नाडी मध्येच एखादा ठोका चुकवते. ठोके अनियमित असले की रक्तात गुठळ्या होतात, असे वाचले. मलाही रक्त पातळ करण्याची गोळी लागेल का? (वय ४२, नाशिक)

उत्तर : सगळे अनियमित ठोके एका माळेचे मणी नव्हेत. नाडी एका लयीत चालते, मध्येच एक ठोका घाईने पडतो, क्षणभर थांबल्यासारखे वाटते आणि पुन्हा लय धरते, हे बहुतेक वेळा 'एक्टोपिक' ठोके असतात. जागरण, कॉफी, तंबाखू, ताण यांनी ते वाढतात. नुसत्या त्यांच्यासाठी रक्त पातळ करण्याची गोळी देत नाहीत.

गुठळीशी थेट नाते आहे ते एट्रियल फिब्रिलेशनचे; डॉक्टर त्याला 'एएफ' म्हणतात. त्यात हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसते थरथरतात, नीट आकसत नाहीत. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. एरवी प्रत्येक ठोक्याला ती पिळली जाते. एएफमध्ये तिच्यातले रक्त तुंबून राहते. वाहत्या ओढ्याला शेवाळ धरत नाही, डबक्याला धरते, तसेच इथे होते. झडपांचा आजार नसलेल्या एएफमध्ये डाव्या कप्प्यात सापडणाऱ्या गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के या पिशवीतच असतात. तिथून सुटलेली गुठळी खालच्या कप्प्यातून महाधमनीत येते आणि पुष्कळदा मेंदूच्या वाटेला लागते. म्हणून एएफमध्ये पक्षाघाताचा धोका सरासरी पाचपट धरतात.

घरी पाहायचे तर पाच मिनिटे शांत बसा, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. अनियमितपणा त्यातच निसटतो. लय कुठेच सापडत नसेल, दोन ठोक्यांमधले अंतर दरवेळी वेगळे असेल, तर त्याच अवस्थेत ईसीजी काढून घ्या. ठोके पूर्ववत झाल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल येतो आणि माणूस निर्धास्त होतो. असे वारंवार होत असेल तर २४ तास सलग ईसीजी नोंदवणारे होल्टर यंत्र लावतात. मनगटी घड्याळाने इशारा दिला तरी निदान ईसीजीच्या पट्टीवरच होते.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. मधुमेह व रक्तदाब आहे, वजन ५६ किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.१. ईसीजीत एएफ निघाला आणि रक्त पातळ करणारे अ‍ॅपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झाले. आता ठोके नियमित आहेत, त्रास काहीच नाही. गोळी बंद करावी, निदान २.५ करावी, असे नातेवाईक म्हणतात. अ‍ॅस्पिरिन पुरणार नाही का? (सांगली)

उत्तर : यात तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींचे उत्तर 'नाही' असेच आहे.

पहिला, बंद करण्याचा. छातीत किती धडधडते यावर गुठळीचा धोका ठरत नाही. एएफ ये-जा करणारा असतो, आणि अनेकांना तो आल्याचे कळतही नाही. धोका मोजतात तो इतर गोष्टींवरून : हृदयाची पंपिंग कमी असणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार यांचा प्रत्येकी एक गुण, वय ६५ ते ७४ ला एक, ७५ व पुढे दोन, आधी पक्षाघात होऊन गेला असल्यास दोन. दोन किंवा अधिक गुण झाले की गोळी द्यावी असा संकेत आहे. (जुन्या मोजणीत स्त्रियांना एक गुण जास्त मिळत असे, युरोपातल्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी तो काढला.) वडिलांचे वय, रक्तदाब व मधुमेह मिळून तीन होतात. ठोके नियमित झाल्याने यातला एकही गुण कमी होत नाही. शॉक देऊन लय आणायची असली तरीसुद्धा आधी किमान तीन आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे गोळी चालू ठेवतात, कारण लय परतली तरी वरचा कप्पा काही काळ सुस्तच राहतो.

दुसरा, डोस अर्धा करण्याचा. इथे चूक फार होते. अ‍ॅपिक्साबॅन २.५ करण्यासाठी तीनपैकी दोन अटी लागतात : वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. आपल्याकडे ६० किलोच्या आतली माणसे घरोघरी आहेत, म्हणून नुसत्या वजनावर डोस अर्धा केला जातो. वडिलांची एकच अट पुरी होते, तेव्हा ५ च योग्य. अर्ध्या डोसात गोळी घेतल्याचे समाधान मिळते, संरक्षण मात्र अपुरे राहते.

मूत्रपिंडाचा हिशेब मात्र ठेवा. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आलेल्या आकड्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. स्त्रियांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणा. मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळते याचा हा अंदाज; वडिलांचा सुमारे ४९ येतो. त्यांना रक्त पातळ करणारे दुसरे औषध, रिव्हरोक्साबॅन, असते तर ५० च्या आत असल्यामुळे २० ऐवजी १५ मिलिग्रॅम द्यावे लागले असते. प्रत्येक गोळीचे गणित निराळे असते, म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून आपला डोस ठरवू नये. क्रिएटिनिन व हिमोग्लोबिन वर्षातून निदान दोनदा तपासा. जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी कमी झाले तर लगेच.

तिसरा, अ‍ॅस्पिरिनचा. धमनीतल्या चरबीच्या गाठीवर जमणारी गुठळी मुख्यतः प्लेटलेट या रक्तातल्या बारीक कणांची असते. तिथे अ‍ॅस्पिरिन कामी येते. साचलेल्या रक्तातली गुठळी फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाच्या जाळ्याची असते. तिच्यावर त्याची मात्रा फारशी चालत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अ‍ॅपिक्साबॅन घेणाऱ्यांत पक्षाघात अ‍ॅस्पिरिनवाल्यांच्या निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे साधारण सारखाच होता. वडील आधीपासून अ‍ॅस्पिरिनही घेत असतील तर दोन्ही कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा. स्टेंट नसेल तर बहुधा एक पुरते. पण स्टेंट असेल तर परस्पर काहीही थांबवू नका.

प्रश्न : आईला (वय ५४) लहानपणीच्या सांधेतापामुळे मायट्रल झडप अरुंद झाली आहे, शिवाय एएफ. रक्त पातळ करणारी जुनी गोळी अ‍ॅसिट्रॉम चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) कधी १.४, कधी ४.२. नवी, तपासणी न लागणारी गोळी का देत नाहीत? पालेभाज्या सोडायच्या का? (बीड)

उत्तर : मध्यम किंवा तीव्र अरुंद मायट्रल झडप आणि कृत्रिम धातूची झडप, या दोन ठिकाणी नव्या गोळ्या (अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन, डॅबिगाट्रान) चालत नाहीत. सांधेतापाने झडपा बिघडलेल्या आणि एएफ असलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातलेही रुग्ण होते. रिव्हरोक्साबॅनपेक्षा जुन्या पद्धतीच्या गोळीवर मृत्यू कमी झाले. तेव्हा आईंना स्वस्तातले औषध दिले जात आहे असे समजू नका. अशा रुग्णांना वर सांगितलेली गुणांची मोजणीही लावत नाहीत, गोळी लागतेच.

आयएनआर २ ते ३ मध्ये हवा. पालेभाजी सोडू नका, तिचे प्रमाण सारखे ठेवा. मेथी, पालक, अळू, शेपू, शेवग्याचा पाला यांतले के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करते. आठवड्यातून तीन वेळा वाटीभर भाजी होत असेल तर तेवढीच होऊ द्या. डोस तिच्यावर बसवता येतो. श्रावणात रोज पालेभाजी आणि एरवी अजिबात नाही, असे झाले की आकडा डोलतो.

भाजीपेक्षा जास्त घोटाळा इतर औषधे करतात. जुलाबांसाठीचे मेट्रोनिडाझोल, बुरशीसाठीचे फ्लुकोनाझोल, को-ट्रायमोक्साझोल यांनी आयएनआर चढतो. क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन आणि फिटची कार्बामाझेपिन यांनी तो उतरतो. नवे औषध सुरू झाले किंवा बंद झाले की तीन ते पाच दिवसांत तपासणी करा. आकडा स्थिर असेल तर महिन्यातून एकदा पुरते. गोळी रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो संध्याकाळी. म्हणजे सकाळी रक्त दिले तर रात्रीचा डोस बदलता येतो. कधी अर्धी, कधी पाऊण गोळी असेल तर तसे कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि गोळी घेतली की त्या दिवसावर खूण करा. अर्धे गोंधळ तिथेच मिटतात. आणि औषधाच्या दुकानात अ‍ॅसिट्रॉमऐवजी त्याच प्रकारातले वॉरफेरिन मिळाले तर घेऊ नका. दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे धरता येत नाहीत.

प्रश्न : मी रिव्हरोक्साबॅन २० घेतो. एकादशीला आणि श्रावणी सोमवारी उपवास असतो. त्या दिवशी गोळी चुकवली तर चालेल? (पंढरपूर)

उत्तर : चालणार नाही. तिचा असर जेमतेम एक दिवस टिकतो. शिवाय १५ आणि २० ची गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते. रिकाम्या पोटी ती पुरती शोषली जात नाही. फराळाची साबुदाण्याची खिचडी किंवा भगर-आमटी पोटभर खाऊन तिच्यासोबत घ्या. सोमवार संध्याकाळी सोडत असाल तर गोळीची वेळ कायमची रात्रीच्या जेवणाची करून घ्या. निर्जळी करणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून जेवणाची अट नसलेली गोळी मागावी. विसरलीच तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीला उशीर झाला तर सहा तासांच्या आत घ्या, नाही तर तो डोस सोडून द्या. डॅबिगाट्रानची कॅप्सूल मात्र फोडायची नाही आणि आठवड्याच्या डबीत काढून ठेवायची नाही. तिला दमटपणा सोसत नाही.

प्रश्न : दाढ काढायची आहे. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस बंद ठेवू? गुडघेदुखीला काय घ्यावे? (रत्नागिरी)

उत्तर : साध्या एक ते तीन दातांसाठी बहुधा बंद करावी लागत नाही. अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफेरिन असेल तर आदल्या दिवशी आयएनआर करून तो कागद दंतवैद्यांना दाखवा. वेळ सकाळची आणि आठवड्याच्या सुरुवातीची घ्या. रक्त थांबेना तर दिवसाउजेडी दवाखाना उघडा मिळतो. नव्या गोळीचा त्या सकाळचा डोस केव्हा घ्यायचा, ते आधी विचारून ठेवा.

गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन टाळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत ती पोटात रक्तस्राव घडवतात. पॅरासिटॅमॉल चालते, पण अ‍ॅसिट्रॉमवाल्यांनी ते सलग काही दिवस दोन ग्रॅमपर्यंत घेतले तर आयएनआर पाहावा. कमरेत इंजेक्शन देऊ लागले तर आधी गोळीचे नाव सांगा. स्नायूत रक्त साकळून मोठी गाठ होते.

प्रश्न : गुठळी सुटली हे ओळखायचे कसे? (ठाणे)

उत्तर : चेहरा एकीकडे वाकडा, एक हात गळालेला, बोलणे जड, एकाएकी तोल जाणे किंवा दिसेनासे होणे. हात किंवा पाय अचानक पांढरा, थंड पडून ठणकू लागला, किंवा पोटात असह्य कळ आली आणि दाबल्यावर तितकेसे दुखत नाही, तर तीही गुठळी असू शकते. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. तोंडात पाणी, अ‍ॅस्पिरिन काही घालू नका. रक्तस्राव आहे की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांपर्यंतच देतात. म्हणून माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला आणि रक्त पातळ करणारी शेवटची गोळी किती वाजता घेतली, या दोन वेळा लिहून गोळीची पट्टी बरोबर न्या.