मीटिंगमध्ये नाव घेतलं की कान तापतात, चेहरा लाल होतो: हे बीपी आहे का?

हिंजवडीच्या ऑफिसात सगळ्यांसमोर नाव पुकारलं की हे होतं आणि एरवी होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग हा बीपीचा आजार नाही, ही लाज आहे.

घाबरल्यावर हातपाय गार पाडणारी सिम्पथेटिक चेतासंस्थाच इथे काम करते, फक्त चेहऱ्यावर तिचा परिणाम उलटा होतो. गाल, कान आणि मानेच्या कातडीत बारीक रक्तवाहिन्या दाट असतात आणि त्या अगदी वरवर असतात. चेहऱ्यावरच्या शिरांमध्ये बीटा प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणाऱ्या जागा, असतात; ॲड्रेनॅलिन हे ताणाचं संप्रेरक पोचलं की शीर आवळण्याऐवजी सैल पडते. रक्त साठतं, कातडी तापते. मानेतून जाणाऱ्या सिम्पथेटिक चेतातंतूंना एकाच बाजूला इजा झाली, तर चेहऱ्याची तेवढीच बाजू लाल व्हायची थांबते. सावळ्या रंगावर लाली कमी दिसते, ऊब मात्र तशीच जाणवते. म्हणजे तुम्हाला जेवढं जाणवतं तेवढं समोरच्याला बहुधा दिसतच नाही.

खरी गोम पुढे आहे. आपण कसे दिसतोय याकडे लक्ष गेलं की लाली वाढते, हे डार्विनने १८७२ मध्येच लिहून ठेवलंय. ‘अय्या, लाल झालीस!’ एवढं कुणी म्हटलं तरी पुरतं. म्हणून ‘लाल व्हायचं नाही’ असं स्वतःला बजावणं हा सगळ्यात वाईट उपाय: त्यासाठी दर क्षणाला गाल तपासावे लागतात.

लक्ष बाहेर न्यायची सवय करा. आधी फोनवर: समोरचा काय म्हणाला ते मनात एका वाक्यात मांडायचं. मग टपरीवरच्या घोळक्यात, शेवटी मीटिंगमध्ये. लक्ष गालांकडे वळलं की पुन्हा विचारलेल्या प्रश्नाच्या शब्दांवर आणायचं. ‘मी होते लाल, चालू द्या’ असं मोकळेपणी म्हटलंत तर लपवायची धडपडच संपते. एप्रिलच्या उन्हातून थेट खोलीत शिरू नका, दहा मिनिटं आधी पोचा. कडक चहा नंतर घ्या.

प्रोप्रॅनोलॉलची गोळी धडधड कमी करते, लालीवर तिचा तेवढा भरवसा नाही. दमा असेल तर ती धोक्याची. सहकाऱ्याकडून मागून तर मुळीच घेऊ नका. छातीतली सिम्पथेटिक चेतातंतूंची साखळी कापायची शस्त्रक्रियाही असते, पण नंतर पाठीपोटाला कायमचा घाम सुटू शकतो. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नका.

लाली तासन्‌तास टिकत असेल, सोबत पुटकुळ्या किंवा डोळ्यांची चुरचुर असेल, तर रोझेशिया हा त्वचेचा आजार असू शकतो; त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कारण नसताना चेहरा लाल होऊन जुलाब किंवा धाप लागत असेल तर फिजिशियनकडे जा, आणि लवकर.