चेंडू उचलतो, पण देत नाही

प्रश्न : काका, आमचा लॅब्रॅडॉर अकरा महिन्यांचा आहे. चेंडू फेकला की झेपावतो, उचलतो आणि हुलकावणी देत दिवाणाखाली शिरतो. दीर म्हणतात, रिट्रीव्हरला वस्तू आणायला शिकवावं लागत नाही; हा देत नाही म्हणजे जातिवंत नाही. सासरे म्हणतात, पेपरच्या सुरळीने नाकावर दोन द्या. शेजारी म्हणतात, खाऊ दिलात तर लाचेची सवय लागेल. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, तिघांचंही नको. दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी न चावता उचलून आणावा म्हणून ही जात घडवली गेली. तोंडात काहीतरी धरून मिरवायची हौस त्यामुळे रक्तातच असते. ते आपल्या हातात सोडणं मात्र शिकवावं लागतं. शिकारीवर जाणाऱ्या कुत्र्यांनाही महिनोन्‌महिने शिकवतात.

आता आठवून बघा. पिलू असताना तो मोजा घेऊन पळाला, तेव्हा घरातले किती जण मागे धावले? त्याच्यासाठी घरातच रंगपंचमीची गेर, रंगांची मिरवणूक निघाली! वर सापडल्यावर जबड्यात बोटं घालून मोजा काढून घेतला असेल. लांब राहिलं की मजा, जवळ गेलं की लुबाडतात, हा धडा त्याला आपणच दिला. मीही दिलाय. माझ्या पहिल्या लॅब्रॅडॉर कुत्रीने, मी पकडणार एवढ्यात, मोजा गिळून टाकला. ऑपरेशन करावं लागलं. टाके तिला पडले, अक्कल मला आली.

तेव्हा पाठलाग आजपासून बंद. पट्ट्याला पाचेक मीटर सुती दोरी बांधा आणि बोळासारख्या अरुंद जागेत चेंडू जवळच टाका. त्याने उचलला की तुम्ही उलट्या दिशेला पळा. तो मागे येईल. आल्यावर चेंडूला हात लावू नका. आधी मान खाजवा, मिरवू द्या त्याला. मग नाकाशी पनीरचा तुकडा धरा. तोंड उघडलं की ‘दे’ म्हणा, तुकडा द्या आणि चेंडू त्यालाच परत करा. हे परत करणं लोकांना पटत नाही, पण सगळी मेख तिथेच आहे. दिलेलं परत मिळतं हे कळलं की तो चेंडू लपवणार कशाला? तीन-चार वेळा झालं की थांबा. कंटाळेपर्यंत खेळवू नका.

लाचेचं म्हणाल, तर लाच आधी दाखवतात, पगार कामानंतर मिळतो. तुकडा सुरुवातीला दाखवावा लागेल, आठवड्याभरात खिशात लपवा. लॅब्रॅडॉर हावरा असतोच. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल सापडला. म्हणून तुकडे नखाएवढे करा आणि तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करा. आपले पोहे-शेव मात्र नको. कांदा कुत्र्यांना विषारी असतो.

सासऱ्यांची सुरळी त्यांनाच वाचायला द्या. नाकावर बसली की कुत्रा चेंडू द्यायला शिकत नाही, हाताला भ्यायला शिकतो.

आणि दिवाणाखाली आजच फळी ठोका.