वाचक विचारतात : थायलंडला लॅपटॉप पाठवायचाय, टॅक्स किती बसेल?

या वेळच्या टपालात थायलंडचीच पत्रं जास्त आहेत आणि गंमत म्हणजे सगळी लॅपटॉपबद्दल, त्यामुळे एकत्रच घेतो. हिशोब सगळीकडे १ बात म्हणजे २ रुपये ७५ पैसे असा धरलाय, रेट रोज हलतो तेव्हा पाठवायच्या दिवशी आपला आपण बघून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा बँकॉकला मास्टर्स करतोय. त्याचा लॅपटॉप बंद पडला, दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. माझ्या कार्डावर इथे चांगली ऑफर आहे म्हणून ७४-७५ हजारांचा नवा घेऊन कुरिअर करावा म्हणते. शेजारचे म्हणतात तिकडे ३०-४० टक्के ड्युटी लागते. कुरिअरच्या दुकानातला मुलगा म्हणाला, काकू तुम्ही 'जुना, किंमत ५,००० रुपये' असं लिहा, काही होत नाही. कुणाचं ऐकू? सोबत थोडं खाणं आणि एक सॅक पण टाकायची आहे.
— एक आई, ठाणे

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका.

आधी शेजाऱ्यांचे ३०-४० टक्के. लॅपटॉपवर थायलंडमध्ये इम्पोर्ट ड्युटी शून्य आहे. ही काही कुणाची मेहरबानी नाही, १९९६ साली जागतिक व्यापार संघटनेत कॉम्प्युटर, त्याचे पार्ट वगैरे वस्तूंवरची ड्युटी काढून टाकायचा करार झाला, त्यात थायलंड आहे, आपणही आहोत. शेजाऱ्यांनी बहुतेक कपड्यांचा किंवा बुटांचा आकडा ऐकला असणार, त्यावर तिकडे खरोखर ३० टक्क्यांपर्यंत ड्युटी आहे.

पण ड्युटी शून्य म्हणजे टॅक्स शून्य नाही, आणि इथेच लोक गडबडतात. बाहेरून आलेल्या मालावर थायलंड ७ टक्के व्हॅट घेतं. (कायद्यात खरं तर १० टक्के आहे, १९९९ पासून सवलत म्हणून ७ चालू आहे आणि तीच सवलत पुन्हा पुन्हा वाढवत नेतात, आपल्याकडचं तात्पुरतं जसं कायमचं होतं ना तसं.) आणि हे ७ टक्के नुसत्या लॅपटॉपच्या किंमतीवर नाहीत. वस्तूची किंमत, विमा आणि तिथपर्यंतचं भाडं, या तिन्हीची बेरीज करायची, कस्टम्सवाले त्याला सीआयएफ म्हणतात, त्यात ड्युटी असेल तर ती मिळवायची आणि मग त्यावर व्हॅट. तुमचंच उदाहरण घेऊ : लॅपटॉप २७,००० बात, कुरिअर समजा २,५०० बात, विमा २७० बात. बेरीज २९,७७०. त्याचे ७ टक्के म्हणजे २,०८४ बात, आपले साधारण ५,७३० रुपये. शिवाय कुरिअर कंपनी तुमच्या वतीने कस्टम्समध्ये पैसे आधी भरते त्याची स्वतःची वेगळी फी लावते, ती प्रत्येकाची वेगळी असते, बुकिंगच्या वेळीच विचारा आणि जमलं तर लेखी घ्या, कारण नंतर बिल मुलाच्या दारात जातं आणि तो बिचारा तुम्हाला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून विचारतो की आई हे काय आहे.

आता भाड्याचं. लॅपटॉप दोन किलोचा म्हणून दोन किलोचे पैसे लागतील असं समजू नका. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं, ते वजन आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. ५० बाय ४० बाय १५ चं खोकं झालं की ६ किलो धरतात, आत काहीही असो. म्हणजे मोठ्या खोक्यात भरपूर थर्माकोल घालून पाठवलं तर भाडं वाढतं, आणि भाडं वाढलं की त्यावरचा व्हॅटही वाढतो. कंपनीचा मूळ बॉक्स आणि त्यावर बेताचं दुसरं खोकं, बास.

'जुना, ५,००० रुपये' हा सल्ला तर वेडेपणाचा आहे. वाचणार किती, जेमतेम ४,९०० रुपये. धोका किती ते बघा. कस्टम्सचा माणूस खोक्यावरचा मॉडेल नंबर नेटवर टाकतो आणि अर्ध्या मिनिटात त्याला किंमत कळते, मग पार्सल बाजूला, बिल मागवा, कार्डाचं स्टेटमेंट मागवा, तेवढे दिवस मुलगा लॅपटॉपविना. थायलंडच्या २०१७ च्या कस्टम्स कायद्यात खोट्या डिक्लरेशनला ५ लाख बातपर्यंत दंड आहे, कैदही आहे. तुमच्यासारख्या पार्सलला कुणी लगेच जेलमध्ये टाकणार नाही हे खरं, पण आणखी एक गोष्ट दुकानातला मुलगा सांगत नाही. पार्सल हरवलं किंवा फुटलं तर भरपाई तुम्ही लिहिलेल्या किंमतीच्या हिशोबाने मिळते. ५,००० लिहिलेत तर जास्तीत जास्त ५,०००, आणि तेव्हा खरं बिल दाखवून उपयोग नाही.

'गिफ्ट' लिहून माफी मिळेल असंही पुष्कळांना वाटतं. नाही मिळत. गिफ्ट लिहा किंवा नका लिहू, ७ टक्के लागणारच.

सॅक आणि खाणं यात टाकू नका. बॅगेवर २० टक्के ड्युटी आहे, म्हणजे १,५०० बातच्या सॅकवर ३०० बात ड्युटी आणि मग १,८०० वर ७ टक्के, अजून १२६. ४२६ बात गेले, तेवढ्यात त्याला तिथे रस्त्यावर बरी सॅक मिळते. पूर्वी १,५०० बातच्या आतल्या पार्सलला सूट होती, तीही आता गेली, जुलै २०२४ पासून व्हॅट आणि २०२६ च्या जानेवारीपासून ड्युटी पहिल्या बातपासून, त्यामुळे सॅकचं वेगळं पार्सल करूनही सुटका नाही. आणि खाण्याचं म्हणाल तर लॅपटॉपच्या शेजारी मेतकुटाची पुडी म्हणजे एक्सरेवर पावडरीची पिशवी, खोकं उघडायला निमित्तच. खाऊ जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर द्या.

बॅटरी राहिलीच. लॅपटॉपच्या आत बसलेली लिथियम बॅटरी कुरिअरने जाते, पण तशी डिक्लेअर करावी लागते, कुरिअरवाले त्याला यूएन ३४८१ म्हणतात. मागच्या स्टिकरवर वॉट-अवर लिहिलेले असतात, नसले तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, ११.४ व्होल्ट आणि ४.२ अँपिअर-अवर म्हणजे ४८ च्या आसपास. १०० च्या आत असेल तर साध्या नियमात बसतं आणि बहुतेक लॅपटॉप त्या आतच असतात. पॉवर बँक किंवा सुटी बॅटरी मात्र त्यात अजिबात घालू नका, सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून कार्गो म्हणून न्यायला २०१६ पासून बंदी आहे, पूर्ण पार्सल परत येईल.

हे सगळं सांगितलं तरी माझं मत विचाराल तर इथून नवा घेऊन पाठवूच नका. तुमच्या ७५ हजारांत आपला १८ टक्के जीएसटी आधीच आहे, साधारण ११,४४० रुपये, आणि घरगुती माणसाने वस्तू परदेशी पाठवली म्हणून तो परत मिळत नाही. त्यावर पावणेसात-सात हजारांचं कुरिअर, त्यावर तिकडचे ५,७३०, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन देशांचा टॅक्स. तिकडे दुकानातल्या किंमतीत ७ टक्के धरलेलेच असतात. कार्डाची ऑफर मोठी दिसते पण या बेरजेपुढे ती टिकतेय का ते एकदा कागदावर मांडून बघा. मुलाला पैसे पाठवा, त्याला रामा नाइन मेट्रो स्टेशनजवळच्या फॉर्च्यून टाऊनमध्ये जाऊ द्या, तिथे कॉम्प्युटरची दुकानंच दुकानं आहेत, वॉरंटीही तिथलीच मिळेल.

प्रश्न : मी पुढच्या महिन्यात पुण्याहून बँकॉकला फिरायला चाललोय. माझा लॅपटॉप आहेच, भाचीसाठी दुसरा नवा सीलबंद न्यायचाय. विमानतळावर पकडतील का?
— पिंपरीचे वाचक

उत्तर : दादा, स्वतःच्या वापरातल्या लॅपटॉपबद्दल कुणी काही विचारत नाही. प्रवाशाला सोबतच्या वैयक्तिक सामानावर २०,००० बातपर्यंत सूट आहे, आपल्या हिशोबाने ५५,००० रुपये, पण ती स्वतःच्या वापराच्या वस्तूंना. सीलबंद लॅपटॉप भाचीचा आहे तर तो तुमच्या वापराचा कसा म्हणायचा? लाल चॅनेलला जा, म्हणजे ज्यांना सामान जाहीर करायचंय त्यांच्या रांगेत, बिल दाखवा, ड्युटी शून्यच आहे, ७ टक्के व्हॅट भरा आणि पावती घेऊन बाहेर पडा. सील तोडून, स्टिकर लावून जुना भासवायचे प्रकार लोक करतात, मी ते सांगणार नाही. दोन्ही लॅपटॉप केबिन बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको. आणि तुमचा स्वतःचा महागातला असेल तर जाताना इथल्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घेता येतं, परत येताना तो इथूनच नेलेला आहे हे सिद्ध करायला बरं पडतं. तसं १८ वर्षांवरच्या प्रवाशाला भारतात येताना एक लॅपटॉप ड्युटी-फ्री आहेच.

प्रश्न : आमच्या कंपनीतला एक जण चिआंगमाईहून काम करतो. त्याला १ लाख ६० हजारांचा कंपनीचा लॅपटॉप पाठवायचाय. अॅडमिनमध्ये मी एकटीच आहे, काय काय बघू?
— हिंजवडीहून

उत्तर : तुमचा आकडा जरा अडचणीचा आहे. १ लाख ६० हजार म्हणजे ५८,००० बातच्या वर, आणि ४०,००० बातच्या पुढे गेलं की साध्या पद्धतीने सुटत नाही, रीतसर इम्पोर्ट एन्ट्री भरावी लागते, एजंट लागतो, त्याचे पैसे वेगळे. म्हणून आधी ठरवा की टॅक्स कोण भरणार. कुरिअरच्या फॉर्मवर तुम्ही काहीच सांगितलं नाही तर साधारणपणे बिल घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं, म्हणजे तुमच्या माणसाला कंपनीच्या लॅपटॉपसाठी खिशातून ४,००० बातच्या वर भरावे लागतात, मग तो क्लेम टाकणार, फायनान्स विचारणार ही थाई भाषेतली पावती कसली, आणि ती सोडवायलाही तुम्हीच. डीडीपी म्हणून बुक करा, ड्युटी आणि टॅक्स पाठवणारा भरणार. त्यासाठी कुरिअरमध्ये कंपनीचं खातं असावं लागतं.

भरलेला व्हॅट परत मिळवायचा तर तिकडे व्हॅट रजिस्ट्रेशन असलेली कंपनीच इम्पोर्टर हवी. तुमची तिकडे शाखा नसेल तर तो खर्चच समजा. इनव्हॉइसवर 'ऑफिस इक्विपमेंट' असलं मोघम लिहू नका, मेक, मॉडेल, सिरियल नंबर, खरी किंमत. सिरियल नंबर एवढ्यासाठी की हा लॅपटॉप कधी ना कधी परत येणार आणि तेव्हा इथल्या कस्टम्सला जाताना हाच गेला होता हे दाखवावं लागेल, शिपिंग बिलाची, म्हणजे माल बाहेर जाताना कस्टम्सकडे भरलेल्या कागदाची, कॉपी जपून ठेवा. त्यापेक्षा कुणी टीममधलं तिकडे फिरायला जातंय का तेही विचारा, पण वरच्या पिंपरीच्या दादांचं उत्तर त्यालाही लागू आहे हं.

प्रश्न : माझी बदली बँकॉकला झालीय, वर्क परमिट मिळतंय. घरचं सामान बोटीने जाणार आहे, त्यात जुना लॅपटॉप आणि मुलीचा डेस्कटॉप टाकला तर टॅक्स बसेल का?
— नाशिकचे वाचक

उत्तर : बदली होऊन राहायला जाणाऱ्याच्या वापरलेल्या घरसामानाला थायलंड सूट देतं, ती तुम्हाला मिळू शकते. वेळ मात्र पाळा, सामान तुमच्या पोहोचण्याआधी एक महिन्याच्या आत किंवा पोहोचल्यावर सहा महिन्यांच्या आत यायला हवं. विजेच्या वस्तू साधारण प्रत्येकी एक, कुटुंब सोबत असेल तर दोन. लॅपटॉप तरीही बोटीने टाकू नका, दमट हवेत आठवडे काढायला त्याला कशाला लावता, हातात घेऊन जा. डेस्कटॉप जाऊ द्या.

प्रश्न : बहिणीला बँकॉकमध्ये मेसेज आलाय की तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, या लिंकवर ३,२०० बात भरा. पार्सल मी खरंच पाठवलंय, पोस्टाने. भरू दे का?
— सोलापूर

उत्तर : लिंकवर नको. ट्रॅकिंग नंबर घेऊन स्वतः पोस्टाच्या साइटवर बघा किंवा तिला थाई कस्टम्सच्या ११६४ नंबरवर विचारू दे. पोस्टाने गेलेल्या पार्सलवर टॅक्स निघाला की पोस्टाची चिठ्ठी येते आणि पोस्टात जाऊन पैसे भरून पार्सल घेतात, कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे टाकायची पद्धत नाही. आणि आकडा खरोखर आलाच पण जास्त वाटला, तर पार्सल न उघडता तिथेच फेरतपासणी मागायची. एकदा उघडलं की भांडायची सोय राहत नाही.

प्रश्न : बँकॉकला लेकीकडे गेल्यावर तिला तिथेच लॅपटॉप घेऊन देणार आहे. टुरिस्टला व्हॅट परत मिळतो म्हणे, मग माझ्या पासपोर्टवर घेऊ का? आणि कीबोर्ड थाई असतो का?
— कोल्हापूरच्या आजी

उत्तर : आजी, तो परतावा वस्तू ६० दिवसांच्या आत थायलंडबाहेर नेणाऱ्याला मिळतो, विमानतळावर वस्तू आणि कागद दाखवायला लागू शकतात. लॅपटॉप लेकीकडेच राहणार तर तो मिळायचा नाही, बिल तिच्याच नावावर करा, वॉरंटीला बरं. कीबोर्डवर थाई अक्षरं असतात पण त्याच बटणांवर इंग्रजीही असतात, टायपिंगला काही अडत नाही. मराठी टाइप करायची तर सेटिंगमधून भाषा टाकून घ्या, फक्त बटणांवर क-ख-ग दिसणार नाही.