ग्रामपंचायत-महापालिकांना जास्त अधिकार दिले तर विभागांमधली विषमता कमी होईल का?

होईल, पण नुसत्या अधिकाराने नाही, सोबत पैसा पाहिजे. मी मुंबईत भांडुपला राहतो, गाव परभणीकडे, त्यामुळे दोन्हीकडचं बघतो. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर आणि आमच्या ग्रामपंचायतीत घरपट्टी, पाणीपट्टी गोळा करून बोअरची मोटर जळली की ती भरून आणायलाच पैसे पुरत नाहीत, मग ग्रामसेवक म्हणतात वरून निधी आला की बघू. आता या दोघांना सेम अधिकार दिलेत तर पुढे कोण जाणार सांगा! म्हणून आधी मागास भागाला निधीत लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा जास्त वाटा द्यायला हवा, तोही हक्काचा, मंत्र्याच्या मर्जीवरचा नाही. विदर्भ-मराठवाड्यासाठी १९९४ ला वैधानिक विकास मंडळं झाली ती याचसाठी, त्यांची मुदत २०२० ला संपली, हे मला फार लागतं.

आणि ग्रामपंचायत-महापालिकांना घटनेत स्थान देणारी ७३वी-७४वी घटनादुरुस्ती झाली तरी निवडणुकाच वेळेवर होत नाहीत, मुंबईत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, गटार तुंबलं तर लोकांनी निवडलेला माणूस शोधायचा कुठे?