‘इसन्ने समानीन मया व अलफ’ म्हणजे कोणतं साल?

तुमच्या घरच्या इनामाच्या मोडी कागदाचं लिप्यंतर करून मिळालं. त्यात वर ‘सु॥ इसन्ने समानीन मया व अलफ’ आणि शेवटी ‘जाणिजे छ २१ रजब’ असं आहे. ही तारीख कोणती, आणि मराठ्यांच्या कागदात अरबी कसं आलं, असं तुम्ही विचारलंय. आधी तारीख सांगतो : जुलै १७८१ चा मध्य, आषाढ वद्य सप्तमी-अष्टमीच्या आसपास. कशी काढली तेही सांगतो, म्हणजे पेटीतले बाकीचे कागद तुमचे तुम्हालाच लावता येतील.

‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. यात साल आकड्यात न लिहिता अक्षरी लिहीत, आणि तेही एकंपासून वर चढत. इसन्ने म्हणजे दोन, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११८२. एकं असे : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सब्बा, समान, तिस्सा. दहाला अशर. मग वीसपासून नव्वदपर्यंत अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिस्सैन. दोनशेला मयातैन. लोक घसरतात ते जोड्यांवर : अर्बा चार पण अर्बैन चाळीस, समान आठ पण समानीन ऐंशी. शेवटी ‘ईन’ किंवा ‘ऐन’ ऐकू आलं की दशक समजायचं (मयातैन तेवढा अपवाद). मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घही पाळत नाहीत, त्यामुळे लिप्यंतरात हे शब्द चिकटलेले किंवा थोडे वेगळे दिसले तरी गोंधळू नका.

हे साल मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणजे त्या काळी जूनच्या सुरुवातीला. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तुमचा रजब महिना त्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात लागला, म्हणून ११८२ अधिक ५९९, म्हणजे १७८१. मराठे आणि इंग्रज यांच्यातला सालबाईचा तह १७ मे १७८२ चा. तो मृगाच्या आधीचा, म्हणून त्याचंही सुहूर साल ११८२ च, पण तिथे ६०० मिळवावे लागतात.

अरबी का, याचं उत्तर मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. ते दरसाल अकरा दिवसांनी मागे सरकतं. शेतसारा मात्र पीक घरात आल्याशिवाय वसूल होत नाही. म्हणून तुघलकांच्या काळात, १३४४ पासून, वर्ष पावसाला बांधलेलं आणि महिने हिजरीच, अशी ही मोजणी दख्खनेत चालत आली. पुढे निजामशाही, आदिलशाही आणि मराठ्यांच्या दफ्तरांनी ती तशीच वापरली. मृग लागला की कुणब्याचं वर्ष सुरू होतं, आणि सरकारी वर्षही त्याच दिवशी. कारकून ब्राह्मण असो की प्रभू, त्याला यात परकं काही वाटत नव्हतं.

१३४४ साली हिजरी आणि सुहूर, दोन्ही आकडे ७४५ होते. पानिपतापर्यंत त्यांच्यात तेरा वर्षांची फट पडली. १४ जानेवारी १७६१ ला हिजरी ११७४ चालू होतं, सुहूर ११६१. आणि ‘अर्बा सबैन मया व अलफ’, म्हणजे सुहूर ११७४, हे नारायणराव पेशव्यांच्या खुनाचं साल, १७७३. म्हणजे फारसी पत्रातलं ११७४ आणि मराठी कागदातलं ११७४ यांत एवढं अंतर. घराण्यांच्या इतिहासात सुहूर साल हिजरी धरून पिढ्या मागेपुढे झालेल्या पाहिल्या की वाईट वाटतं, कारण कागद बरोबर असतो आणि छापलेला आकडा चुकतो.

आता ‘छ २१ रजब’. छ म्हणजे चंद्र. मोजणी चंद्रदर्शनापासून, त्यामुळे छ १ साधारण शुद्ध द्वितीयेच्या जवळ येतो. छ मध्ये एक-दोन मिळवले की तिथी हाताशी येते. नेमका दिवस हवा असेल तर जंत्री, म्हणजे जुन्या तारखा जुळवून देणारं कोष्टक, बघावी लागते. इथे एक खाचखळगा आहे. सुहूर वर्ष हिजरीपेक्षा अकरा दिवसांनी मोठं, म्हणून दरसाल सुरुवातीचे दहा-अकरा चंद्र, म्हणजे तारखा, शेवटी पुन्हा येतात. ११८२ मध्ये रजबाच्या आधीच्या जमादिलाखर महिन्याचे मधले दिवस असे दोनदा आले, एकदा जून १७८१ मध्ये आणि पुन्हा मे-जून १७८२ मध्ये. त्या दिवसांतला कागद असता तर मजकुरावरूनच ठरवावं लागलं असतं. तुमचा रजब त्यातून सुटला.

एक गोष्ट मात्र तपासा. इनामपत्र छत्रपतींचं असेल तर डोक्याशी राज्याभिषेक शक (शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून मोजलेलं साल) आणि संवत्सराचं नाव असतं. तिथे ‘१०८’ आणि ‘प्लवनाम संवत्सरे’ असं निघालं तर साल दोन्हीकडून जुळलं. वेगळं काही निघालं तर आधी ‘समानीन’ हा शब्द मूळ कागदावर पुन्हा वाचून घ्या. तिथे ‘सलासीन’ असेल तर साल सरळ पन्नास वर्षं मागे, १७३१ वर जाईल.