शिकणाऱ्या आईच्या बाळाचा खर्च कोणत्या खात्यातून?

शाळेत शिकत असतानाच आई किंवा बाप झालेल्या मुलामुलींसाठीच्या शालेय कार्यक्रमांवर सरकारने पैसा का खर्च करावा आणि केलाच तर तो नेमका कशावर जातो, असे तुम्ही विचारले आहे. सरकारने खर्च करावा, असे माझे मत आहे. पण खरी मेख तुमच्या प्रश्नाच्या उत्तरार्धात आहे. पैसा कोणत्या शीर्षाखाली मंजूर होतो, यावरच तो त्या मुलांपर्यंत पोचणार की वाटेत जिरणार, हे बहुतेक वेळा ठरते.

अमेरिकेत शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा ‘टायटल नाईन’ कायदा आणि त्याखालचे १९७५ चे नियम यांनी, सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांना गरोदरपणाच्या किंवा मातृत्वाच्या कारणावरून विद्यार्थिनीला वगळण्यास मनाई केली. वेगळे वर्ग चालवायचे असतील, तर त्यांत जाणे ऐच्छिक असावे, असेही सांगितले. मात्र तान्हे बाळ दिवसभर कोणाजवळ ठेवून वर्गात बसायचे, याची तरतूद त्यात नव्हती. माझ्या दृष्टीने सगळ्या खर्चात पाळणाघराचा खर्च पहिला येतो, कारण तो नसेल तर समुपदेशक, पालकत्वाचे धडे, आरोग्यतपासणी हे सारे अनुपस्थित विद्यार्थिनीसाठी ठेवलेले असते.

या अनुपस्थितीलाही हिशेबात किंमत असते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात शाळांचे अनुदान सरासरी दैनिक हजेरीवर अवलंबून असल्यामुळे, बाळाच्या तापामुळे चार दिवस घरी राहणारी मुलगी शाळेच्या वहीत तोट्याची नोंद ठरते, आणि तिला शाळेत टिकवून ठेवण्याची शाळेची उमेद तिथेच खचू लागते. १९९८ मध्ये त्या राज्याने ‘कॅल-सेफ’ हा कार्यक्रम मंजूर केला आणि विद्यार्थी-पालकांच्या सेवांसाठी व त्यांच्या मुलांच्या संगोपनासाठी वेगळा निधी राखून ठेवला, तो बहुधा हीच अडचण ओळखून. पुढे २००९ च्या आर्थिक ओढाताणीत हा निधी इतरत्र वापरण्याची मुभा शाळा-जिल्ह्यांना मिळाली आणि २०१३ मध्ये नवे अनुदानसूत्र आल्यावर तो सर्वसाधारण निधीतच विलीन झाला. अनेक ठिकाणी कार्यक्रम गुंडाळले गेले. त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही; गणिताचे शिक्षक आणि गळके छप्पर यांच्याशी स्पर्धा करताना मूठभर विद्यार्थिनींचे पाळणाघर मागे पडणारच. मुदतबंद निधीचीही तीच गत होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातून गरोदर व पालक असलेल्या किशोरवयीनांसाठी दरवर्षी अडीच कोटी डॉलरचा निधी दहा वर्षांसाठी दिला, आणि २०१९ च्या आर्थिक वर्षाबरोबर ती तरतूद संपली.

इंग्लंडमधील ‘केअर टू लर्न’ या योजनेची रचना मला अधिक शहाणपणाची वाटते. अभ्यासक्रम सुरू होताना वय वीसपेक्षा कमी असलेल्या आणि बाळाची मुख्य जबाबदारी सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाळणाघराचे शुल्क थेट पाळणाघराला दिले जाते. प्रवासखर्चही त्यात धरता येतो. शाळेच्या अंदाजपत्रकातून हा पैसा जात नसल्याने मुख्याध्यापकांना कोणाशी तडजोड करावी लागत नाही, आणि मुख्य जबाबदारी घेणारा तरुण बापही पात्र ठरतो, जो इतर बहुतेक कार्यक्रमांत कोणाच्या ध्यानातच नसतो. अर्थात मंजूर रकमेत बसणारे नोंदणीकृत पाळणाघर जवळपास नसेल, तर ही योजनाही अडते.

अशा मदतीने लहान वयातील मातृत्वाला उत्तेजन मिळते, हा आक्षेप मला पटत नाही. ही मदत मूल झाल्यावर मिळते, आणि तिच्या मोबदल्यात रोज सकाळी बाळाला आवरून वर्गात हजर राहावे लागते. हे आमिष कोणाला भुरळ घालेल, असे मला वाटत नाही. म्हणून तुमच्यासमोर असा एखादा प्रस्ताव असेल, तर त्यातील एकूण रक्कम नंतर पाहा. आधी पाळणाघराचा पैसा स्वतंत्र शीर्षाखाली आहे का, तो दुसरीकडे वळवता येतो का आणि त्याची मुदत कधी संपते, हे तपासा.